परातीचा तळ

"परात कधी रिकामी दिसता कामा नये. लांबून आलेलं पाखरू रिकामं ताट बघून उडालं, की पुन्हा त्या दारात उतरत नाही. माणसासारखं तोंडदेखलं हसून बसत नाही ते. कळलं?"

सासूबाईंचा हा आवाज सुनेच्या कानात अजून जसाच्या तसा होता. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, घरामागच्या बागेत कमरेवर हात ठेवून त्यांनी हे बजावलं होतं. आवाज कसला, तोफ होती. भाजीवाला त्या आवाजाला भिऊन वजनाला दोन वांगी जास्त टाकायचा.

आता तो आवाज फक्त कानातच उरला होता. यंदा थंडीच्या तोंडावर सासूबाईंना झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. "अं... अं" याखेरीज तोंडून काही निघेना. डावा हात तेवढा शाबूत राहिला, आणि डोळे. डोळे तर पहिल्यापेक्षा जास्त बोलायला लागले होते, पण ती भाषा घरात कुणाला येत होती?

दवाखान्यातून घरी आणल्यावर सुनेने त्यांची खाट मागच्या खिडकीशी लावून घेतली. खिडकीतून बाग दिसायची. बाग म्हणजे काही फार नव्हे. एक पेरूचं झाड, एक लिंबाचं, कुंपणाची मेंदी, चार वाफे आणि मधोमध एक खांब. खांबाच्या डोक्यावर लोखंडी कडं, आणि त्या कड्यात बसवलेली जर्मनची जुनी, उंच काठाची परात. हिवाळ्यात परमुलखातून येणाऱ्या पाखरांसाठी सासूबाई त्या परातीत दाणे टाकत. त्या पाखरांना त्या 'माहेरवाशिणी' म्हणत.

"आल्या गं माहेरवाशिणी!" दरवर्षी पहिल्या गार सकाळी त्या सुनेला हाक मारत. मग दोघी खिडकीशी चहाचे कप घेऊन बसत. पिवळ्या पोटाचे भारीट थव्याने उतरत, दाण्यावरून भांडत. तांबूस शेपटीचा थिरथिरा मेंदीवर एकटाच बसून शेपूट थरथरवत राही. "ही बघ नवी नवरी. थरथरणं काही जाईना हिचं." खाली वाफ्यात काळा-पांढरा धोबी तुरुतुरु पळत, शेपटी आपटत फिरे. "आणि ही नाचरी. सासरी दिवसभर गप्प बसायला लागत असेल, इथं आल्या आल्या सुटते." सून हसे. तिला स्वतःला माहेर असं नव्हतंच. आईवडील लहानपणीच गेलेले, काकाच्या घरून ती या घरात आली. सासूबाई एकदा बोलता बोलता म्हणून गेल्या होत्या, "तू पण त्यांच्यातलीच. फक्त उन्हाळ्यात परत जात नाहीस, एवढंच." त्या वाक्यावर सुनेने कित्येक वर्षं काढली होती.

म्हणून झटका आल्या रात्री, दवाखान्याच्या बाकावर बसून, तिने देवापुढे मनातल्या मनात एक नेम घेतला. सासूबाई स्वतःच्या पायाने बागेत उतरेपर्यंत परात एक क्षणही रिकामी होऊ द्यायची नाही. रोज आधी पाखरांचा दाणा, मग आपल्या तोंडात पाण्याचा घोट. कुणाला सांगितलं नाही. सांगितलेल्या नेमाचं अर्धं फळ ऐकणारा खातो, असं तिला वाटायचं.

नेमाच्या बाबतीत ती पहिल्यापासून काटेकोर. अंगात ताप असो, पाहुणे असोत, ठरलेलं ठरलेल्या वेळी. सांगितलेली गोष्ट ती अक्षरशः पाळायची. सासूबाई चेष्टा करायच्या, "हिला सांगावं 'दाराकडे बघ', तर घर लुटून नेलं तरी ही दाराकडेच बघत बसेल."

यंदा पाखरं नेहमीपेक्षा जास्त आली. धुकं जाड पडायचं, मधूनच भुरभुर पाऊस, शेतं ओली. आजूबाजूला सुका दाणा म्हणावा असा फक्त या परातीत. सून उजाडताच बाहेर यायची, परातीत हात फिरवून बघायची. दाणे असायचेच. तरी ती वर ओंजळभर नवे टाकायची. कालच्यावर आजचे, आजच्यावर उद्याचे. भरलेली परात धुक्यात डोंगरासारखी दिसायची. मग आत येऊन पाण्याचा घोट घ्यायची आणि खाटेशी बसून काजं करायला लागायची. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून तिला सदऱ्यांची काजं-बटणं मिळत. एका डोळ्याने सुई, एका डोळ्याने खिडकी.

"आज किती आलेत बघा," ती सासूबाईंना सांगायची. "परात दिसेनाशी झालीय."

सासूबाई बघत. मग त्यांचा डावा हात पांघरुणावरून उठे. तळवा पालथा करून त्या पांघरुणावर गोल गोल फिरवत. पुन्हा पुन्हा. मग काही धरल्यासारखी बोटं मिटून, मनगट वळवून हात उपडा करत. गोल गोल, आणि उपडा. गोल गोल, आणि उपडा.

सुनेला पहिल्याच दिवशी वाटलं, कळलं. गोल म्हणजे परात. उपडा म्हणजे ओत.

"अजून टाकू? बरं, टाकते हं."

ती जाऊन अजून दोन ओंजळी टाकून यायची. परत येऊन बघते तर सासूबाईंचा हात जास्तच जोरात फिरत असायचा. "अं! अं!" डोळ्यांतून पाणी. सुनेला भरून यायचं. आजारात माणूस हळवं होतं, पाखरं जेवताना बघून त्यांना गहिवरतंय, असं तिला वाटायचं. ती पदराने त्यांचे डोळे पुसायची. सासूबाई मान फिरवून घेत.

एकदा शिंपीण काजांचे सदरे न्यायला आली. खुर्चीत बसून तिने खिडकीतून नजर टाकली.

"बाई बाई, ही काय पंगत! नवऱ्याला तरी एवढं वाढतेस का गं?"

"त्यांना वाढलं की ते खाऊन उठतात. ह्यांना वाढलं की ह्या अजून चार जणींना घेऊन येतात."

"मग बरंय, माझ्या सासूला पण एक परात बांधावी म्हणते खांबावर. निदान भिंतीपलीकडे तरी जेवेल." शिंपीण स्वतःच्याच विनोदावर हसली आणि मग खाटेकडे बघून आवाज उतरवला. "हात बराच हलतोय की. चांगलं लक्षण आहे."

"व्यायाम करवून घेणारी बाई पण तेच म्हणाली. हात हलता ठेवा, म्हणाली. त्यातूनच बाकीचं अंग जागं होईल."

"कशाला हलवतात पण?"

"पाखरांना अजून दाणा घाल म्हणतात."

शिंपिणीने हात जोडले. "धन्य आहे बाई. स्वतःला घास गिळवत नाही आणि चिंता पाखरांची."

हे बोलणं चाललं होतं तेव्हा सासूबाई दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. हात थांबला होता. पुढे कितीतरी दिवस सुनेला ती नजर आठवत राहिली. काचेच्या पलीकडून कुणीतरी दार ठोठावत असावं आणि आतल्यांनी त्या ठोक्यांवर ठेका धरावा, तशी ती नजर होती.

थंडीच्या मध्यावर पाखरं माणसाळली. निदान सुनेला तसं वाटलं. आधी ती दाराशी आली तरी थवा भुर्रकन उडायचा. आता एक भारीट परातीच्या काठावर पिसं फुगवून बसून राहिला, ती हाताच्या अंतरावर गेली तरी हलला नाही. डोळे मिटत होता, उघडत होता. चोचीखालची पिसं ओली होती. दाणा तोंडात घोळवून त्याने खाली टाकला. सून तिथंच थांबली. तिला वाटलं, ही खूण आहे. नेम पोचला. तिने मनातल्या मनात हात जोडले आणि धावत आत आली.

"सासूबाई, अहो, एक तर माझ्या हातावरच बसायचा राहिला! उडालाच नाही! भ्यायलाच नाही मला!"

सासूबाईंचा हात असा काही फिरायला लागला की खाटेची फळी वाजली. पाण्याचा पेला खाली पडला. तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून फेसासारखी लाळ आली. सुनेला वाटलं दुसरा झटका येतोय. तिने नवऱ्याला हाक मारली, दोघांनी मिळून त्यांना धरून ठेवलं. हात धरला गेल्यावर सासूबाई लहान मुलासारख्या रडल्या.

"खिडकी बंद ठेवू या का दोन दिवस?" नवरा म्हणाला. "पाखरांनी फार उत्तेजित होते आई."

"नको हो. तेवढंच तर राहिलंय त्यांना."

दुसऱ्या सकाळी मेंदीखाली तो भारीट पाय वर करून पडलेला होता. तिने उचलला. वजन म्हणून नव्हतंच, नुसती पिसं. मांजराने धरून सोडला असेल, असं ती स्वतःशी म्हणाली, जरी अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. न्हाणीघरामागे खड्डा करून पुरला. सासूबाईंना बोलली नाही. त्यांना कशाला दुःख? मग आणखी एक सापडला, वाफ्यात. मग पेरूखाली दोन, एकमेकांना टेकून. तीही पुरली. थवा पातळ होत चालला, तशी सासूबाईंची नजर प्रश्न विचारायला लागली. सुनेने सुईत डोळे घालून उत्तर दिलं, "शेतात गेलीत. तिकडं आता कणसं सुटलीत म्हणे." कणसं सुटायला अजून महिना होता. सासूबाईंना ते तिच्याहून चांगलं माहीत होतं.

आणि दाणा ती टाकतच राहिली. उलट जास्तच. मरतायत म्हणजे उपाशी असतील, थंडीने अशक्त झाली असतील, नेमात माझंच कुठं कमी पडत असेल. तिने सूर्यफुलाच्या बिया मागवल्या. स्वतःचा रात्रीचा एक घास कमी केला.

नवरा कालव्यावर पाणी सोडायच्या कामावर होता. दरवाजे वर-खाली करायचे, काठाने फिरून फुटतूट बघायची. एका संध्याकाळी तो बूट काढता काढता म्हणाला, "तुझ्या माहेरवाशिणी रात्री त्या वळणावरच्या बाभळींत झोपायला येतात ना? खाली खच पडलाय."

"कसला?"

"कसला म्हणजे? त्यांचाच. मला वाटलं कुणी औषध मारलं शेतात. पण औषध मारायचे दिवस नाहीत हे." त्याने तिच्याकडे बघितलं. "अगं, बस. पांढरी पडलीस."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेळीला बघायला जनावरांचा डॉक्टर आला होता. सुनेने त्याला कुंपणावरून हाक मारली. पन्नाशीचा, थकलेला माणूस; कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या, अंगाला शेळीचा वास. तो बागेत आला, मेंदीखाली वाकला, एक मेलेलं पाखरू उचलून त्याने चोच बोटाने उघडली. आत घशात पिवळट साय धरल्यासारखं काही होतं. त्याने ते पाखरू जपून खाली ठेवलं आणि खांबाकडे गेला.

"वहिनी, ही परात कधी धुतली होती?"

सुनेला प्रश्नच कळला नाही. "धुवायची असते?"

डॉक्टरने खिशातून जीभ दाबून बघायची एक चपटी पट्टी काढली, दाण्यांच्या डोंगरात खुपसली आणि खालून वर उकरलं. वरचे दाणे सोनेरी होते. त्याखालचे करडे. त्याखाली काळा, चिकट, भिजलेला थर, त्यात हिरवट बुरशी, विष्ठा, गळालेली पिसं. आंबूस वास सुटला. वास असा की तिने तोंडाला पदर लावला. आणि मग तिच्या लक्षात आलं की हा वास तिला रोज येत होता. ओल्या मातीचा असेल म्हणून तिने सोडून दिला होता.

"आजारी पाखरू यातून दाणा उचलतं, तोंडात घोळवतं, गिळवत नाही म्हणून परत टाकतं. तोच दाणा दुसरं उचलतं. ओलं राहिलं की रोग जिवंत राहतो. घसा बंद होतो हो त्यांचा. समोर दाणा असतो आणि भुकेने मरतात." तो सावकाश बोलत होता, वाईट बातमी रोज देणाऱ्या माणसासारखा. "आता दाणा बंद. एक कणसुद्धा ठेवायचा नाही या हिवाळ्यात. पांगू दे त्यांना. एका ताटात जेवली तर एकत्र मरतील."

"पण... परात रिकामी?"

"रिकामी. उकळत्या पाण्याने धुऊन, वाळवून, घरात नेऊन ठेवा."

"मी सांगितलं तेच करत होते," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कुणास ठाऊक. "रिकामी दिसता कामा नये म्हणून सांगितलं होतं."

"असतं असं. तुमच्याच दारात होतं असं नाही." मग जाता जाता त्याने सहज विचारलं, "याआधी इतकी वर्षं कसं झालं नाही मग? परात तर जुनी दिसते."

तो फाटकातून गेला, आणि तो प्रश्न बागेतच राहिला.

सुनेने परात कड्यातून उचलली. दवाखान्याच्या बाकावरचा नेम आता या क्षणी मोडत होता. तिच्याच हाताने, तिच्या मते कुणाच्या तरी श्वासांना बांधलेला नेम. तिने कुंपणाशी एक खड्डा केला आणि सगळं त्यात उपडं केलं. न्हाणीघरातून कढत पाणी आणलं, राख आणली, आणि दगडाशी बसून परात घासायला लागली.

खरर्र, खरर्र, खरर्र.

ती थांबली. हा आवाज तिला ओळखीचा होता. इतकी वर्षं पहाटेच्या अर्धवट झोपेत, अंधार असतानाच, हा आवाज न्हाणीघराकडून यायचा. तिला वाटायचं, सासूबाई रात्रीची भांडी घासतायत. ती कूस बदलून झोपायची. उठेपर्यंत परात खांबावर असायची. कोरडी, लखलखीत, ताज्या दाण्यांनी भरलेली. तिने ती कधी रिकामी पाहिलीच नव्हती.

सासूबाई गावच्या दवाखान्यात हत्यारं उकळायच्या कामावर होत्या, डोळ्यांना मोतीबिंदू होईपर्यंत. कात्र्या, चिमटे, सुया. उकळ, वाळव, झाक. त्यांच्या लेखी ज्यात कुणी तोंड घालतं ते भांडं उकळायचं, हे श्वास घेण्यासारखं होतं. श्वास घे, असं कुणी सुनेला सांगतं का? त्यांनी जेवढं सांगण्यासारखं वाटलं तेवढं सांगितलं. आणि सुनेने सांगितलेलं सगळं केलं.

तिने आपल्या हाताकडे बघितलं. राखेने माखलेला तळवा आत्ताच परातीत पालथा होता. तो गोल गोल फिरला होता. आता पाणी फेकायला तिने मनगट वळवून परात उपडी धरली होती.

ती तशीच उठली. राखेच्या हाताने खोलीत गेली. सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या. खिडकीतून त्यांनी सगळं पाहिलं होतं, डॉक्टरची पट्टी, काळा थर, सगळं.

सून खाटेशी खाली बसली.

"घासायला सांगत होतात," ती म्हणाली. "घास, आणि पालथी घाल. रोज सांगत होतात. आणि मी... प्रत्येक वेळी..."

सासूबाईंचा डावा हात पांघरुणावर होता. तो हलला नाही. त्यांनी डोळे मिटले. रागाने मिटले असते तर बरं झालं असतं. फार लांबून आलेल्या माणसाने ओझं खाली ठेवावं, तसे मिटले.

त्या दिवसापासून तो हात फिरला नाही. व्यायामवाली बाई आली, तिने उचलला, सोडला, तो पडला. "काल-परवापर्यंत छान हलत होता की! काय झालं?" पेज तोंडाशी नेली तर सासूबाई ओठ मिटून घेत. चमचा ओठांवरून हनुवटीवर, हनुवटीवरून टॉवेलवर. सुनेला त्या टॉवेलकडे बघवेना. चोचीखालची ओली पिसं तिच्या डोळ्यांपुढे यायची.

नवरा समजूत काढायचा. "तू मुद्दाम केलंस का? तू तर जिवाचं रान केलंस. आईला बोलता आलं असतं तर तीच म्हणाली असती, की बाई, चुकलं, होतं."

"त्या बोलत होत्या," सून म्हणाली. "सगळ्यात जास्त त्याच बोलत होत्या या घरात."

तो उठून दिव्याची वात उगाच कमीजास्त करत बसला. त्यालाही आईचा हात रोज दिसला होता. त्यानेही तो धरून ठेवला होता.

रिकामा खांब खिडकीत उभा होता. सकाळी चुकून राहिलेलं एखादं पाखरू यायचं, कड्याच्या भोवती एक गिरकी घ्यायचं, कड्यावर बसायचं, आत वाकून बघायचं. आत काही नसायचं. पुन्हा वाकायचं. मग जायचं. दोन दिवसांनी तेही येईनासं झालं. धोबी नाही, थिरथिरा नाही. थिरथिरा दाणा खातही नव्हता, किडे खायचा. तो का गेला कुणास ठाऊक. बहुधा घराचं घरपण गेलं की सगळेच जातात.

सून देवापुढे बसायची, पण तिला काय मागावं कळेना. इतके दिवस तिने जे मागितलं होतं त्याची किंमत कोण भरत होतं, हे आता तिला दिसलं होतं. तिचं प्रत्येक वेळचं हात जोडणं आणि तिची प्रत्येक ओंजळ एकच होती. ती दिवा लावायची, बसायची, आणि उठायची. देवाने काही म्हटलं नाही. देवाचंही कदाचित तसंच असेल, खाटेवरून हात हलवणाऱ्यासारखं. आपण आपल्या सोयीचं वाचतो. हा विचार मनात आला आणि तिला इतकी भीती वाटली की त्या संध्याकाळी ती दिव्यासमोरून उठून थेट सासूबाईंच्या खोलीत गेली.

बाहेर अजून उजेड होता. धुकं कालव्याकडून सरकत येत होतं. सासूबाई खिडकीकडे तोंड करून होत्या.

"मी तुमच्याशी खोटं बोलले," सून म्हणाली. "शेतात गेली म्हणाले. ती गेली नव्हती. मेंदीखाली सापडली, वाफ्यात सापडली. न्हाणीघरामागे पुरली मी. तुम्हाला दुःख नको म्हणून नाही सांगितलं. खरं म्हणजे मलाच ऐकायचं नव्हतं."

सासूबाई हलल्या नाहीत.

"कालव्याच्या वळणावर, बाभळींत झोपायला जातात त्या. तुम्हीच दाखवलं होतंत. हे म्हणाले, तिथं खाली खच आहे. मी गेले नाही बघायला. माझ्याच्याने होईना."

मग सासूबाईंनी डोळे वळवले. सुनेकडे नव्हे, खिडकीच्या पलीकडे, मेंदीच्या वर, जिथं कालव्याचा बांध काळी रेघ होऊन दिसत होता. तिथं बघितलं. मग सुनेकडे. मग पुन्हा तिथं.

सुनेला वाटलं, कळलं. पण याआधीही तिला असंच कळलं होतं. ती जवळ सरकली.

"थांबा. मी माझ्या मनाने नाही ठरवणार आता. एकेक विचारते. हो असेल तर डोळे मिटा, नाही तर उघडे ठेवा. दाणा टाकायला सांगताय?"

डोळे उघडे.

"परात परत लावू?"

उघडे. त्यात थोडा जुना संताप होता. एवढंही कळत नाही का, असा. सुनेला तो संताप दिसला आणि तिला रडू आलं.

"तिकडं जाऊ? बाभळींपाशी? कोण राहिलंय ते बघून येऊ?"

डोळे मिटले. मिटलेलेच राहिले, चूक व्हायला जागा राहू नये इतका वेळ.

"जाते. उद्या उजाडता जाते. एक असलं तर एक सांगेन. काहीच नसलं तर काहीच नाही म्हणून सांगेन. शेतात गेली असं म्हणणार नाही. तुम्ही ऐकून घ्या, मग जेवा नाहीतर जेवू नका. पण तुम्हाला खरं तेच सांगेन, हा माझा शब्द."

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. पेजेची वाटी होती तशीच गार झाली. हात पांघरुणावर पडून राहिला.

पहाटे नवऱ्याला जाग आली तेव्हा सून दाराशी त्याचे कामावरचे बूट घालत होती. बूट मोठे होते. तिने पुढे चिंध्या कोंबल्या होत्या. हातात खुरपं, खांद्याला जुन्या चादरीची पिशवी.

"मी येतो," तो उठून बसत म्हणाला. "एकटी काय करशील तिथं?"

"तुम्ही त्यांच्यापाशी थांबा. जाग्या झाल्या तर सांगा, गेलीय म्हणावं."

"अगं, मी पाहिलंय ते. बघण्यासारखं काही नाही. सगळं..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"पडलेल्या पुरून येते. आणि वरती बघते." तिने पिशवीचा बंद आवळला. "खाली बघून झालं की वरती बघायचं असतं ना, फांद्यांत? पहाटे पिसं फुगवून बसतात त्या. नीट बघावं लागतं, पानासारख्या दिसतात."

"आणि नसलीच कुणी?"

खोलीच्या दाराशी जाऊन तिने आत डोकावलं. सासूबाई जाग्या होत्या की झोपेत, अंधारात दिसेना. तिने दार ओढून घेतलं, कडी वाजू न देता मागचं फाटक उघडलं आणि ओल्या गवतातून बांधाच्या दिशेने चालायला लागली. पुढे धुकं होतं, त्यातून कुठलाच आवाज येत नव्हता.